तीन टिका आणि एक माणूस

युद्धातल्या छावण्यांमधल्या छळाच्या नोंदी करायच्या कामाला लागलात की मेटाडेटा (फाइल कधी, कुठे, कशाने बनली याची आतली नोंद) बघणं, फोटोतली भिंत सॅटेलाइट इमेजशी जुळवणं, मूळ फाइलला हात न लावता तिची हॅश, म्हणजे फाइल नंतर बदलली तर ते दाखवून देणारा डिजिटल ठसा, काढून ठेवणं, हे सगळं हळूहळू येतं. २०२० चा बर्कले प्रोटोकॉल, म्हणजे इंटरनेटवरच्या पुराव्यांच्या तपासाची नियमावली, एकदा बसून वाचा आणि सुरू करा, त्यावर मी वेळ घालवत नाही. मी ज्या खड्ड्यात पडलो तो मात्र दाखवतो, कारण दर वेळी नवीन मुलं त्यातच पडतात आणि पडताना खूश असतात, मीही होतो.

कुठलं युद्ध, कुठली छावणी ते लिहीत नाही, माणसं अजून आत आहेत. सुटून आलेल्या तिघांशी मी दुभाष्याला घेऊन व्हिडिओ कॉलवर बोललो. तिघांनी एकच खोली सांगितली, हिरवं दार, आत छताजवळ आडवा पाइप, त्याला हात बांधून माणूस लटकवायचे. मी एक्सेलमध्ये त्या ओळीपुढे तीन टिका मारल्या, ओळ हिरवी केली आणि बऱ्याच दिवसांनी शांत झोपलो.

आमच्या एक सीनियर बाई होत्या, त्यांनी फाइल बघून एवढंच विचारलं, "पाइप पाहिला कुणी?" म्हटलं, तिघांनी. "विचारलंस?" नव्हतं विचारलं. परत कॉल लावले. पहिला खरंच त्या खोलीत होता. दुसरा दुसऱ्याच बराकीत, त्याला हे पहिल्याने रात्री कुजबुजत सांगितलेलं. तिसऱ्याने सुटल्यावर एका ग्रुपवर वाचलं होतं, आणि ग्रुपवर टाकणारा कोण, तर पुन्हा पहिलाच.

आता इथे घाई करू नका, नीट वाचा, कारण मला हे समजायला वर्ष गेलं. तिघांपैकी कुणीही खोटं बोललं नव्हतं. आतून आलेला माणूस "आम्हाला लटकवायचे" असं म्हणतो, त्या "आम्हाला"त तो स्वतः असतो किंवा नसतो, त्याच्या लेखी शेजारच्या बराकीतला माणूसही "आम्ही"च असतो. दुसरं म्हणजे दुभाषा. आपण मराठीत ऐकीव गोष्टीला "म्हणे" लावतो ना, "तिथे म्हणे पाइप होता", तसाच शब्द त्या दुसऱ्या साक्षीदाराने त्याच्या भाषेत वापरला होता आणि दुभाष्याने तो गाळला, का तर वाक्य सुटसुटीत होतं. माणूस चांगला होता, थकलेला होता, पण एका शब्दात ऐकीव गोष्ट डोळ्यादेखतची झाली. आणि तिसरी चूक सरळसरळ माझी, मी तिसऱ्याला विचारलं होतं, "हिरव्या दाराची खोली आठवते का?" आठवणारच! दार मीच त्याच्या हातात दिलं.

त्यामुळे आता माझ्या शीटमध्ये "काय" या कॉलमला लागूनच "कसं माहीत" हा कॉलम असतो. पाहिलं, ऐकलं, अंगावर झालं, कुणी सांगितलं, कधी सांगितलं. तो रिकामा असेल तर ओळ हिरवी करायची नाही, भले वरून कितीही प्रेशर येवो.

हे किती महागात पडतं ते बघायचं असेल तर बोस्नियातल्या छावण्यांवरचा, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात चाललेला आरोपी दुश्को तादिचचा खटला वाचा. १९९६ मध्ये "एल" या नावाने एक साक्षीदार आला, त्रनोपोल्ये छावणीतलं भयंकर सांगितलं. आपले वडील वारलेत असं तो म्हणाला होता, बचाव पक्षाने वडील जिवंत शोधून काढले. मग त्याने खोटं बोलल्याचं कबूल केलं, वर आपल्याला पढवलं होतं असंही सांगितलं, आणि सरकारी पक्षाला त्याची साक्ष सोडून द्यावी लागली. तरी १९९७ मध्ये तादिच दोषी ठरला, कारण इतर साक्षी त्याच्या साक्षीवर टेकलेल्या नव्हत्या. त्या टेकलेल्या असत्या तर?

पण हे वाचून लगेच फौजदार बनू नका, ही दुसरी टोकाची चूक, मी तीही केली, दोन महिने लोकांची उलटतपासणी घेत होतो, एक माणूस कॉल बंद करून गेला तो परत आलाच नाही. तारखा चुकणं, क्रम उलटा होणं म्हणजे खोटेपणा नव्हे, छळाच्या तपासाची संयुक्त राष्ट्रांची नियमावली आहे ना, इस्तंबूल प्रोटोकॉल, त्यातही हे स्पष्ट आहे. डोळ्यांवर पट्टी असलेल्या माणसाला भिंतीचा रंग काय विचारता? सीरियाच्या सैदनाया तुरुंगात आत शिरता येत नव्हतं, तेव्हा २०१६ मध्ये ॲम्नेस्टी आणि फॉरेन्सिक आर्किटेक्चर या संशोधन गटाने सुटलेल्यांच्या आठवणीतल्या आवाजांवरून इमारत उभी केली, दारांचे, पावलांचे आवाज. ज्याला जे कळू शकतं तेच त्याला विचारायचं.

आकड्यांचंही तेच. "सीझर" या टोपणनावाच्या माणसाने सीरियातून बाहेर काढलेल्या फोटोंपैकी २८,७०७ फोटो कोठडीत मेलेल्यांचे होते, ह्यूमन राइट्स वॉचने २०१५ मध्ये माणसं मोजली ती किमान ६,७८६. एकेका देहाचे अनेक फोटो. जो मेंटॉर तुमची नोट न वाचता "किती साक्षी झाल्या?" एवढंच विचारतो त्याच्यापासून लांब राहा, माझं हे मत पक्कं आहे, कुणाला राग आला तर येऊ दे. आणि ऑटो ट्रान्सक्रिप्टवर विसंबू नका, ते "म्हणे" खातं.

तर तो तिसरा माणूस. दुसऱ्या कॉलवर मी पाइप सोडून दिला आणि म्हटलं, तुम्ही दिवसभर कुठे असायचात तेवढं सांगा. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "माझं काय सांगण्यासारखं नाही, मला मारलंही फारसं नाही. मी पाव कापायचो." म्हणून बिचाऱ्याने दुसऱ्याची खोली सांगितली होती, आपलं कमी पडेल असं वाटून. रोज सकाळी त्याला आकडा मिळायचा, तेवढे तुकडे कापायचे. अख्ख्या छावणीची हजेरी त्याच्या डोक्यात होती! एका सकाळी त्याने सवयीने आदल्या दिवशीएवढेच कापले, अकरा उरले, आणि त्या अकरा तुकड्यांसाठी त्याला मार पडला. तारीखही त्याला पक्की आठवत होती, का ते इथे लिहीत नाही, त्यावरून तो ओळखू येईल. शीटमध्ये ती ओळ अशी आहे: काय, अकरा माणसं कमी. कसं माहीत, स्वतः कापले.