टेबलावर विचारलेला ट्रेड

2001 च्या फौजेच्या भरतीत टेबलामागच्या हवालदारानं मान वर न करता विचारलं, "ट्रेड?" म्हणजे फौजेत कोणतं काम घेणार. मी बारावी सायन्सचा. तरी तोंडातून निघालं, "जीडी." जनरल ड्युटी, म्हणजे साधा लढणारा शिपाई. वडील जीडी, चुलते जीडी, आमच्या आळीत दुसरा शब्दच माहीत नव्हता. माझ्यामागचा मित्र म्हणाला, "टेक्निकल." दौड एकत्र मारली होती आम्ही, गुणही त्याला माझ्यापेक्षा कमी.

मी पायदळात गेलो, तो ईएमईत, म्हणजे फौजेची यंत्रं-वाहनं दुरुस्त करणाऱ्या दलात, क्राफ्ट्समन म्हणजे कारागीर झाला. रंगरुटीत, म्हणजे सुरुवातीच्या प्रशिक्षणात, घाम दोघांचा सारखाच गळाला. फाटा फुटला तो ते संपल्यावरच्या शपथेच्या, म्हणजे कसम परेडनंतर. त्याचं ट्रेडचं शिक्षण सुरू झालं, मग क्लास थ्री, टू, वन अशा ट्रेड टेस्ट. पुढे आर्टिफिसर, म्हणजे वरच्या दर्जाचा तंत्रज्ञ होण्याच्या कोर्सची वाट त्याच्यासाठी उघडी होती.

पायदळात कोर्स कमी असतात असं नाही. महूला शस्त्रांचे, बेळगावला कमांडो, गुलमर्गला बर्फातलं युद्ध, मिझोरामात वैरेंगटेला जंगलातलं. ते करताना छाती फुगते, आणि फुगावीच. पण नाव पाठवतं युनिट, आपली हौस बघून नव्हे तर नफरी म्हणजे हाताशी असलेली माणसं आणि गरज बघून. माझं नाव पुण्याला पीटी कोर्सला गेलं, ग्रेडिंगही चांगलं आलं. रिटायर झाल्यावर एका शाळेत पीटी शिक्षकाची जागा निघाली. तिथल्या बाईंनी माझं प्रमाणपत्र उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "बीपीएड कुठंय?" म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी. शेकडो जवानांना रस्सा चढायला शिकवलेला माणूस मी. गप्प घरी आलो.

दुसरा फटका कागदाचा. एका कोर्सचा निकाल पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या नोंदींच्या अधिकृत आदेशात, चढलाच नव्हता, आणि ते मला कळलं डिस्चार्ज बुक हातात आल्यावर! म्हणून पोरांनो, कोर्सवरून परत आलात की सुट्टीचा अर्ज नंतर, आधी क्लार्ककडे जाऊन नोंद डोळ्यांनी बघा. ड्रायव्हर ट्रेडवाल्यांनीही फौजी लायसन्सवर निवांत बसू नये, बाहेरचं लायसन्स वेळेत करून घ्यावं.

मला शेवटी तारलं ते एका नियमानं. दहावी पास आणि पंधरा वर्षं नोकरी झालेल्या माजी सैनिकाला केंद्राच्या गट 'क'मधल्या बऱ्याच पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीनं धरतात. बँकांच्या क्लार्क भरतीतही हे चालतं, मी त्याच वाटेनं लागलो.

पण 2022 पासून अग्निवीर आले. नोकरी चार वर्षांची, पुढे नियमित होणार जास्तीत जास्त 25 टक्के. जो चारच वर्षांत बाहेर पडेल त्याला पंधरा वर्षांची ही शिडी कुठून मिळणार? म्हणून ट्रेड आता आमच्या वेळेपेक्षा जास्त विचार करून भरायला हवा. टेक्निकलला बारावीत भौतिक, रसायन, गणित, इंग्रजी असावं लागतं, एकूण 50 टक्के आणि प्रत्येक विषयात 40. क्लार्कला एकूण 60, प्रत्येक विषयात 50. दहावी आणि आयटीआयवरही टेक्निकलची दारं उघडतात. इग्नू या मुक्त विद्यापीठाची अग्निवीरांसाठी पदवी आहे, तिचे निम्मे क्रेडिट नोकरीतल्या प्रशिक्षणाचे धरतात. ती भरतीनंतर लगेच सुरू करा, चौथ्या वर्षी जाग येऊन उपयोग नाही.

ज्याला खरंच रायफल हातात हवी, त्यानं जीडीच घ्यावं. माझी त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती न विचारता घेतल्याची.

पुतण्या इलेक्ट्रिशियनचा आयटीआय झालाय. परवा फॉर्म उघडून बसला आणि कर्सर नेला थेट जीडीवर. "का रे?" म्हटलं. "तुम्ही जीडीच होता ना, काका." त्याला उठवून त्या खुर्चीत मी बसलो आणि पात्रतेचं पान पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला लागलो.