सरकत्या पट्ट्यावरून विमान उडेल का? वाद घालताना या चुका टाळा

धावपट्टीच्या जागी तेवढाच लांब-रुंद सरकता पट्टा बसवला आणि विमान ज्या वेगाने पुढे जाईल त्याच वेगाने तो पट्टा मागे सरकत राहील अशी व्यवस्था केली, तर विमानाला उड्डाण करता येईल का? हा प्रश्न 2005-06 च्या सुमारास इंटरनेटवर गाजू लागला आणि तेव्हापासून भौतिकशास्त्र शिकलेली माणसेही त्यावरून हमरीतुमरीवर येत आली आहेत. उत्तर तसे सरळ आहे. विमान उडेल, आणि एरवी जेवढे अंतर धावावे लागते तेवढ्याच, फार तर त्याहून थोड्या जास्त अंतरात उडेल. ‘नाही उडणार’ म्हणणारे बहुधा दोन-तीन ठरावीक जागी घसरतात. पण ‘उडेल’ म्हणणाऱ्यांपैकीही अनेकांचे उत्तर बरोबर आणि कारण चुकीचे असते, म्हणून दोन्ही पक्षांच्या चुका एकत्रच पाहिलेल्या बऱ्या.

विमानाला मोटार समजणे

सगळ्यात मोठी आणि बाकीच्या बहुतेक चुकांच्या मुळाशी असलेली चूक ही आहे. मोटारीचे इंजिन चाके फिरवते, चाके रस्त्याला मागे रेटतात आणि त्या रेट्याच्या प्रतिक्रियेने मोटार पुढे जाते. त्यामुळे रस्ताच मागे सरकू लागला तर मोटार जागच्या जागी राहते, हे खरे आहे. ट्रेडमिलवर धावणाऱ्या माणसाचेही तसेच, कारण तोही पायाने पट्ट्यालाच मागे ढकलत असतो. विमानाचे इंजिन मात्र चाके फिरवत नाही. विमानाच्या चाकांना ब्रेक असतात, पण त्यांना फिरवणारी यंत्रणा इंजिनाशी जोडलेली नसते. प्रोपेलर किंवा जेट इंजिन हवेला मागे फेकते आणि त्यातून विमानाला पुढचा रेटा मिळतो. चाके पोटात घेतल्यानंतरही विमानाचा वेग वाढू शकतो, एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली तरी पुष्कळसा गोंधळ मिटतो.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर ग्लायडरचे उदाहरण उत्तम आहे, कारण त्यात इंजिनच नसते. पुण्याच्या हडपसर ग्लायडिंग सेंटरवर विंचच्या, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, साहाय्याने होणारे उड्डाण ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. मैदानाच्या एका टोकाला ग्लायडर उभे असते, त्याच्या पोटाखाली मोकळे फिरणारे चाक असते, एक जण पंखाचे टोक हातात धरून पंख आडवा सांभाळतो, आणि दूरच्या दुसऱ्या टोकाला असलेली विंच लांबलचक दोर वेगाने गुंडाळू लागते. दोर ताणला गेला की ग्लायडर थोडेसे अंतर धावते आणि जमीन सोडते. आता ग्लायडरच्या चाकाखालची पट्टी मागे सरकू लागली अशी कल्पना करा. दोर तर पलीकडच्या टोकाला असलेली, स्थिर जमिनीवर पक्की बसवलेली विंच ओढते आहे. चाक अधिक जोरात गरगरेल, पण ग्लायडर विंचकडे जायचे ते जाईलच. विमानाच्या बाबतीत दोराची जागा प्रोपेलरच्या रेट्याने घेतली आहे, एवढाच फरक.

याच चुकीचे एक धाकटे भावंड म्हणजे चाकाचा वेग आणि विमानाचा वेग यांत केलेली गल्लत. पंखांना उचल मिळते ती हवेच्या सापेक्ष असलेल्या वेगातून, आणि वैमानिक उड्डाणाचा क्षण ठरवताना जो आकडा पाहतो तो पिटो नळीत, म्हणजे विमानाबाहेर पुढच्या दिशेला तोंड असलेल्या नळीत, शिरणाऱ्या हवेच्या दाबावरून मिळतो, चाकाच्या फेऱ्यांवरून नव्हे. सेस्ना 172 एस या चार आसनी विमानाचे नाक सुमारे 55 नॉट, म्हणजे ताशी 102 किमी वेगाला उचलतात. सरकत्या पट्ट्यावर त्या क्षणी वेगमापक 55 नॉटच दाखवेल. चाके मात्र 110 नॉटच्या हिशेबाने फिरत असतील.

न्यूटनचा तिसरा नियम चुकीच्या जागी लावणे

‘इंजिन पुढे ढकलते, पट्टा तितकेच मागे ढकलतो, म्हणून बेरीज शून्य’ असा युक्तिवाद तिसऱ्या नियमाचे नाव घेऊन केला जातो. क्रियाबल आणि प्रतिक्रियाबल हे कधीही एकाच वस्तूवर लागत नाहीत, त्यामुळे ते एकमेकांना रद्दही करू शकत नाहीत. प्रोपेलर हवेला मागे ढकलतो आणि हवा प्रोपेलरला पुढे ढकलते. ही जोडी तिथेच पूर्ण झाली. या व्यवहारात पट्टा कुठेच नाही. पट्ट्याचा वेग आणि इंजिनाचा रेटा या दोन वेगळ्या जातीच्या राशी आहेत, आणि वेगातून बल वजा करता येत नाही.

घर्षण शून्य मानून मोकळे होणे

ही ‘उडेल’ पक्षाची आवडती पळवाट आहे. चाके मोकळी फिरतात म्हणून पट्ट्याचा विमानावर काहीच परिणाम होत नाही, असे ते सांगतात आणि समोरचा लगेच विचारतो की बेअरिंगमधल्या घर्षणाचे काय. प्रश्न रास्त आहे. घर्षण असतेच, पण ते किती आणि वेगाबरोबर किती वाढते, हे पाहायला हवे.

सेस्ना 172 एसचे उड्डाणावेळचे कमाल वजन सुमारे 1157 किलो असते. पक्क्या धावपट्टीवर चाके फिरताना होणारा रोध ढोबळमानाने वजनाच्या दोन टक्के धरतात, म्हणजे साधारण 227 न्यूटन. समुद्रसपाटीला प्रमाण हवामानात हे विमान सुमारे 290 मीटर धावून जमीन सोडते. शून्यापासून 55 नॉटपर्यंतचा वेग तेवढ्या अंतरात गाठायचा तर सरासरी निव्वळ बल 1580 न्यूटनच्या आसपास असावे लागते, असे शाळेतल्या गतीच्या समीकरणांवरून निघते. आता पट्टा मागे सरकल्यामुळे चाके दुप्पट वेगाने फिरली आणि त्यामुळे रोधही थेट दुप्पट झाला असे, विरुद्ध पक्षावर भरपूर मेहेरबानी करून, मानू. तरीही निव्वळ बल 1350 न्यूटनच्या आसपास उरते आणि विमानाला फार तर पन्नास मीटर जास्त धावावे लागते. प्रत्यक्षात हा रोध वेगाबरोबर इतका वाढत नाही. तो मुख्यतः चाकावर पडणाऱ्या वजनावर आणि टायरच्या दबण्यावर अवलंबून असतो.

मोठ्या विमानांतही हिशेब फारसा बदलत नाही. सुमारे 397 टनांच्या बोइंग 747-400 च्या चार इंजिनांचा मिळून रेटा साधारण 1100 किलोन्यूटन असतो आणि चाकांचा रोध त्याच्या सात टक्क्यांच्या आसपास. थोडक्यात, घर्षण शून्य मानण्याची गरजच नाही. ते मोजून दाखवले तर वाद लवकर मिटतो.

प्रश्न नीट न वाचणे

बरेचसे भांडण दोन वेगळ्या प्रश्नांना एकच समजल्यामुळे होते. एका प्रश्नात पट्टा विमानाच्या वेगाइतका मागे सरकतो. दुसऱ्यात तो चाकांच्या वेगाइतका सरकतो. शब्द एखाददुसराच बदललेला असतो, पण अर्थ पार बदलतो.

चाकाच्या कडेचा वेग म्हणजे विमानाचा जमिनीच्या सापेक्ष पुढचा वेग अधिक पट्ट्याचा मागचा वेग. पट्ट्याचा वेग नेहमी चाकाच्या वेगाइतकाच असेल, अशी अट घातली की विमानाचा वेग शून्य असल्याचे त्या अटीतच गृहीत धरले जाते. मग विमान उडत नाही, हे निष्पन्न होत नसून आधीच मानलेले असते. असा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देण्यापूर्वी एकच उलटप्रश्न करावा: विमानाला जागेवर रोखून धरणारे बल कोणते? वेग सारखा ठेवा म्हटल्याने बल निर्माण होत नाही.

प्रामाणिकपणे शोधले तर असे एक बल सापडते, आणि या सगळ्या वादातला मला सर्वांत रंजक वाटणारा भाग तोच आहे. चाकांना वस्तुमान असते, त्यामुळे त्यांची फिरण्याची गती वाढवायला बल लागते. पट्टा एकसारख्या वेगाने सरकत असेल तर हे बल नसते. पट्टा सतत प्रवेगित होत असेल तर मात्र तो चाकांना अधिकाधिक जोरात फिरवताना विमानालाही मागे ओढतो. हे ओढणे किती? सेस्नाच्या तिन्ही चाकांचे फिरणारे वस्तुमान मिळून 25 किलो आणि त्यातले बरेचसे कडेजवळ आहे असे धरले, तर इंजिनाचा सुमारे 1800 न्यूटनचा रेटा निष्प्रभ करायला पट्ट्याचा वेग दर सेकंदाला जवळजवळ 100 मीटर प्रति सेकंद इतका वाढत राहावा लागेल. हा प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या दहापट आहे. दहा सेकंदांत पट्टा ताशी 3600 किमीवर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या जवळपास तिप्पट वेगावर पोहोचेल, आणि त्याच्या कितीतरी आधी टायरांच्या चिंधड्या झालेल्या असतील. शिवाय इतक्या वेगाने मागे धावणारा पट्टा आपल्याबरोबर हवेचा थरही खेचत नेईल, आणि ती हवा विमानाच्या दृष्टीने समोरून येणारा वारा ठरेल. विमानाला रोखू पाहणारा पट्टाच त्याच्या पंखांना थोडीफार उचल देऊ लागेल, ही त्यातली गंमत.

म्हणून ‘दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत’ असे म्हणून वाद मिटवणेही मला पटत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे ‘उडेल’ हे आहे. दुसरा प्रश्न एकतर स्वतःशीच विसंगत आहे किंवा पट्ट्याला अशक्यप्राय प्रवेग देणारा आहे.

विमान जागच्या जागी वर उचलले जाईल असे समजणे

‘विमान उडेल’ हे ऐकून काही जण वेगळीच समजूत करून घेतात: व्यायामशाळेतल्यासारख्या आखूड पट्ट्यावर विमान उभे असून चाके गरगरत आहेत आणि ते तसेच वर उचलले जात आहे. तसे होत असते तर विमानतळांना धावपट्ट्या लागल्याच नसत्या. पट्टा धावपट्टीइतका लांबच हवा, कारण विमान त्यावरून खरोखरच पुढे जाणार आहे. प्रोपेलरने मागे फेकलेली हवा पंखांवरून जाते म्हणून उभ्या विमानालाही पुरेशी उचल मिळेल, हा तर्कही टिकत नाही. ती हवा पंखांच्या मुळाजवळच्या भागावरूनच जाते, आणि बहुतेक जेट विमानांत इंजिनातून निघालेला झोत पंखांवरून जातही नाही.

विमानवाहू नौकेचा दाखलाही इथे चुकीचा दिला जातो. आयएनएस विक्रांतसारखी नौका विमाने उडवताना वाऱ्याच्या दिशेने तोंड करून वेगाने पुढे जाते, त्यामुळे डेकवर उभ्या असलेल्या विमानाच्या पंखांवरूनही वारा वाहू लागतो आणि आखूड डेक पुरतो. तिथे डेक विमानाला हवेतून पुढे घेऊन जात असतो. मागे सरकणारा पट्टा असे काहीच करत नाही. खरा जोराचा वारा असेल तर हलकी विमाने फारच कमी अंतरात उडतात, आणि वादळात दोरांनी न बांधलेली विमाने उभ्या जागी उलटतातही. पण ते काम वाऱ्याचे, जमिनीच्या हालचालीचे नव्हे.

टायर विसरणे

‘उडेल’ म्हणणाऱ्यांनी एक व्यावहारिक अडचण मान्य करायला हवी. विमानाच्या टायरना वेगमर्यादा ठरवून दिलेली असते. 747 च्या टायरची ती ताशी सुमारे 378 किमी आहे. पूर्ण वजनाचे हे विमान ताशी 300 किमीच्या आसपास जमीन सोडते, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चाके त्याच्या दुपटीने फिरतील आणि मर्यादा केव्हाच ओलांडली जाईल. हलक्या विमानाला ही अडचण तितकी जाचत नाही. 2008 च्या जानेवारीत ‘मिथबस्टर्स’ या अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमाने प्रयोगासाठी अगदी हलके, संथ विमान निवडले आणि त्याच्या चाकांखालचे लांबलचक कापड ट्रकने उलट दिशेला ओढले. विमान उडाले. दोन्ही वेग तंतोतंत जुळले नव्हते म्हणून प्रयोग फसवा होता, असा आक्षेप नंतर घेतला गेला. पण पट्ट्याचा वेग जवळजवळ निरर्थक ठरतो हेच तर दाखवायचे होते, त्यामुळे तो थोडा इकडेतिकडे झाल्याने निष्कर्ष बदलत नाही.

घरच्या प्रयोगात होणाऱ्या चुका

ट्रेडमिल आणि खेळण्यातले विमान घेऊन प्रयोग करणाऱ्यांचा निकाल अनेकदा उलटा येतो, आणि त्याची कारणे ठरलेली असतात. पहिले पाहावे ते हे की खेळण्याची मोटर पंखा फिरवते की चाके. बाजारातली बरीच खेळणी चाकांवरच पळतात आणि पंखा नुसता शोभेचा असतो, म्हणजे आपण नकळत मोटारीचाच प्रयोग करत असतो. चाकांचे आस घट्ट आहेत का हे कळण्यासाठी बोटाने टिचकी मारून चाक किती वेळ फिरते ते पाहावे. लगेच थांबत असेल तर आसात तेलाचा एक थेंब सोडावा किंवा दुसरे खेळणे घ्यावे. पंख्याचा रेटा इतका कमी असेल की खेळणे साध्या फरशीवरही सरकत नाही, तर ते पट्ट्यावरही सरकणार नाही, आणि त्यात पट्ट्याचा दोष नाही.

विमान नसले तरी मूळ मुद्दा एका ताणकाट्याने तपासता येतो. मोकळ्या चाकांची खेळण्यातली गाडी पट्ट्यावर ठेवावी, तिला दोरीने ताणकाटा जोडावा आणि ताणकाटा ट्रेडमिलच्या पुढच्या दांड्याला बांधावा. पट्टा ताशी 3 किमी वेगाने चालू करून काट्यावरचे बल टिपावे, मग वेग 6 किमी करावा. वेग वाढवत असताना काटा क्षणभर पुढे झेपावतो, ते चाकांचे जडत्व. पट्टा एका वेगावर स्थिर झाला की काटा जवळपास आधीच्याच आकड्यावर येतो. गाडी हलकी असेल तर काटा हलल्याचे दिसतही नाही, म्हणून तिच्यावर थोडे वजन ठेवावे, दोरी पट्ट्याला समांतर राहील असे पाहावे आणि पट्ट्याचा चढ शून्यावर ठेवावा, कारण चढ राहिला तर गाडीच्या वजनाचा हिस्सा दोरीवर येतो आणि तो आकडा घर्षणाचा समजला जातो.