जिन्यातल्या एका पंख्याने घर गार कसे करावे

मराठवाड्यात मे महिन्यात दुपारी पारा ४२ अंशांपर्यंत चढतो, पण हवा कोरडी असल्यामुळे पहाटे तो २६-२७ अंशांपर्यंत उतरतो. स्लॅबने आणि भिंतींनी दिवसभर शोषलेली उष्णता रात्रीतून बाहेर काढली, तर या फरकाच्या बळावर घर सुसह्य राहते. अमेरिकेत यासाठी घराच्या मध्यभागी छतात मोठा पंखा बसवतात. तो उघड्या खिडक्यांतून बाहेरची हवा आत ओढतो आणि आतली गरम हवा पोटमाळ्यावाटे बाहेर घालवतो. आपल्याकडे पोटमाळा नसतो, पण जिना असतो आणि गरम हवा त्यातून आपसूक वर चढते. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात हेच काम साणे, म्हणजे छतातला झरोका, करीत असे. शिवाय या पंख्याला कूलरसारखे पाणी लागत नाही, आणि २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले हे ज्यांना आठवते, त्यांना याचे मोल सांगायला नको.

पंखा गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत, वारा येतो त्याच्या उलट बाजूच्या भिंतीत वर बसवावा. ८०० चौरस फुटांच्या आणि १० फूट उंचीच्या घरात ८००० घनफूट हवा असते. मिनिटाला २००० घनफूट हवा ओढणारा एक्झॉस्ट पंखा ती चार मिनिटांत बदलतो. बाहेरून आपोआप मिटणाऱ्या झडपा आणि आतून जाळी लावून घ्यावी.

आता खिडक्यांकडे वळू, कारण बहुतेकांचे घोडे इथेच अडते. "सगळी दारे-खिडक्या सताड उघडा" हा सल्ला मला पंखा विकणाऱ्यानेच दिला होता आणि तो साफ चुकीचा आहे. हवा नेहमी जवळची वाट धरते. माझ्या घरात जिन्याला लागूनच पुढचे दार आहे. पहिला आठवडाभर मी ते उघडे ठेवून पंखा चालवला. बैठकीत वारा भणाणत होता आणि मागच्या खोलीत मुले घामाने भिजून उठत होती. जिन्याजवळची दारे-खिडक्या पूर्ण बंद करून सर्वांत दूरच्या खोल्यांच्या खिडक्या उघडल्या, तेव्हा कुठे तिथल्या भिंतींचा ताव उतरू लागला. त्या खोल्यांची आतली दारे मात्र उघडी हवीत आणि ती आपटू नयेत म्हणून त्यांना अडसर लावावा.

याच्या उलट चूकही मी केली आहे. डासांच्या भीतीने एकच खिडकी वीतभर उघडली, तेव्हा पंखा घरघरू लागला आणि न्हाणीघराच्या मोरीतून गटाराचा वास घरभर पसरला. पंख्याला हवा लागतेच. खिडकीतून मिळाली नाही, तर तो ती मोरीतून, चिमणीतून, मिळेल तिथून ओढतो. म्हणून पंखा चालू असताना गॅस गीझर अजिबात पेटवू नये, कारण त्याचा धूर उलटा घरात येऊ शकतो आणि त्यातला विषारी कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. वर सांगितलेल्या पंख्यासाठी किमान तीन चौरस फूट मोकळी वाट हवी. डासांच्या जाळीने वाट बरीच अडते, म्हणून जाळी असल्यास सहा चौरस फूट धरावी. पंखा चालू करण्याआधी खिडक्या उघडाव्यात आणि मग प्रत्येक खिडकीशी उदबत्ती धरून पाहावे. धूर ठामपणे आत वळला तर ती खिडकी काम करते आहे, जागीच घुटमळला तर जिन्याजवळची कुठली तरी फट आधी बुजवावी.

पंखा संध्याकाळी सातला लावू नये. त्या वेळी बाहेरची हवा अजून तापलेली असते आणि आपण पैसे मोजून झळा आत घेतो. एक तापमापक आत आणि एक बाहेर सावलीत टांगावा. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली गेला की बटण दाबावे, आमच्याकडे त्याला बहुधा दहा वाजतात. स्लॅब मध्यरात्रीनंतरही उष्णता सोडत राहतो, त्यामुळे तासाभराने गार वाटले तरी पंखा पहाटेपर्यंत बंद करू नये. उन्हे वर येण्याआधी पंखा बंद करून खिडक्या मिटाव्यात आणि पडदे ओढावेत. दुपारी छताचा पंखा पुरतो. वावटळ उठली असेल त्या रात्री मात्र हे सगळे टाळावे, नाहीतर सकाळी अंथरुणावर मातीचा थर मिळतो. मृगाचा पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली, की झडपा पुसून पंख्यावर प्लास्टिक बांधून टाकावे.