अमेरिकेतल्या कॉलेजांच्या यादीत ‘सेफ’ कोणतं धरायचं?

यादीत दोन-तीन तरी ‘सेफ’, म्हणजे प्रवेशाची जवळपास खात्री असलेली कॉलेजं हवीत. कॉलेजच्या ‘कॉमन डेटा सेट’मधला (प्रवेशाचे वगैरे आकडे देणारा कॉलेजचा अहवाल) सी-९ भाग उघडा, तुमचा एसएटी (१६०० गुणांची प्रवेशासाठीची परीक्षा) स्कोअर तिथल्या ७५व्या पर्सेंटाइलच्या, म्हणजे प्रवेश घेतलेल्यांपैकी ७५ टक्के मुलं ज्याच्या खाली असतात त्या स्कोअरच्या वर असावा. मात्र शंभरातल्या वीसजणांनाही प्रवेश न देणारं कॉलेज एसएटीत १५५० असतानासुद्धा सेफ धरू नका. खरी फसगत कॉम्प्युटर सायन्समध्ये होते. अर्बाना-शँपेनच्या इलिनॉय विद्यापीठात या शाखेचा प्रवेश विद्यापीठाच्या एकूण दरापेक्षा खूपच अवघड आहे, म्हणून आकडा शाखेचा पाहा. भारतातून अर्ज करणाऱ्याने आर्थिक मदत मागितली, तर अनेक कॉलेजांत त्यामुळेही नकार येऊ शकतो. आणि फी झेपणार नसेल, तर ते कॉलेज सेफ नव्हेच! रोलिंग पद्धतीने, म्हणजे अर्ज येतील तसतसा निर्णय घेत प्रवेश देणाऱ्या एखाद्या कॉलेजचा अर्ज सप्टेंबरमध्येच भरा. होकार लवकर आला, तर पुढचे काही अर्ज आणि त्यांची फी वाचते.