कंपनीचा अहवाल मागून पुढे वाचा, आधी मालक बघा मग नफा

दिवाळीला जळगावला सगळे जमले की पोरं मोबाईल पुढे करतात, दादा हा शेअर घेऊ का, आणि मी दरवेळी एकच विचारतो, कंपनीचा मालक कसा वागतो ते बघितलं का? कारण नफ्याचा आकडा बराचसा अंदाजावर उभा असतो. मशीनचा घसारा किती वर्षांत टाकायचा, उधारी बुडाली असं कधी मानायचं, हे मॅनेजमेंट ठरवते, आणि त्यांचा बोनस त्याच नफ्यावर असेल तर अंदाज कुठल्या बाजूला झुकणार ते तुम्हीच सांगा.

तर वार्षिक अहवाल कंपनीच्या साईटवरून नाहीतर बीएसई या शेअर बाजाराच्या साईटवरून फुकट उतरवून घ्या, रंगीत फोटो आणि चेअरमनचं पत्र सोडून सरळ मागे जा.

पहिलं कॅश फ्लो, म्हणजे खरा पैसा किती आला-गेला त्याचा तक्ता. आपल्या रावेर-सावद्याकडचं उदाहरण घ्या, व्यापाऱ्याने केळीच्या गाड्या दिल्लीकडे पाठवल्या, बिलं फाडली, वहीत विक्री लागली आणि नफापण दिसला, पण समोरच्याने पैसेच दिले नाहीत तर शेतकऱ्याला काय देणार? कंपनीचंही तसंच. पाच वर्षांचा निव्वळ नफा बेरीज करा, शेजारी पाच वर्षांची ऑपरेटिंग कॅश, म्हणजे धंद्यातून हातात आलेला पैसा, बेरीज करा. कॅश सारखी खूप मागे राहत असेल आणि ग्राहकांकडची येणं बाकी विक्रीपेक्षा जोरात वाढत असेल तर मी तिथेच थांबतो. (बँका आणि फायनान्स कंपन्यांना हा हिशोब लावू नका, त्यांचं गणित वेगळं.)

मग हिशोबाखालच्या नोट्समधे रिलेटेड पार्टी, म्हणजे मालकाच्या नात्यातल्यांशी केलेले व्यवहार शोधा. मालकाच्या भावाची कंपनी, बायकोच्या नावची जागा, मुलाच्या फर्मला दिलेलं कर्ज, सगळं तिथे लिहिलेलं असतं. यावर मी जरा जास्तच बोलतो कारण आमच्या काकांची कापसाच्या पैशाची ठेव एका पतसंस्थेत अडकली, आणि नंतर कळलं की मोठी कर्जं संचालकांच्या नात्यातच गेलेली. अहवाल दरवर्षी घरी यायचा हो, उघडून कोणी बघितलाच नाही.

तिसरं, प्रमोटरचे, म्हणजे मालक मंडळींचे शेअर गहाण आहेत का. दर तीन महिन्यांनी शेअरहोल्डिंग पॅटर्नमधे, म्हणजे कोणाकडे किती शेअर त्या तक्त्यात येतं. शेअर गहाण ठेवून कर्ज काढलं की भाव पडला तर सावकार शेअर विकून टाकतो, म्हणून भाव टिकवायचा दबाव येतो आणि तो दबाव हळूहळू हिशोबाच्या वहीत उतरतो. सत्यम या आयटी कंपनीचं आठवा. 7 जानेवारी 2009 ला तिचे चेअरमन रामलिंग राजूंनी पत्रात स्वतःच कबूल केलं की ताळेबंदातली 5,040 कोटींची कॅश आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नाही, आणि त्या शिल्लकीवर दाखवलेलं 376 कोटींचं व्याजही खोटं. त्याच्या आधी डिसेंबर 2008 मधे कुटुंबाच्याच मायटास कंपन्या सत्यमच्या पैशाने घ्यायचा ठराव बोर्डाने पास केला होता, मालकाशी संबंध नसलेले स्वतंत्र संचालक बसलेले असताना! गुंतवणूकदार भडकले तेव्हा तो मागे घेतला. म्हणजे बोर्डावर मोठी नावं आहेत एवढ्याने समाधान मानू नका, कॉर्पोरेट गव्हर्नन्सच्या पानावर ऑडिट कमिटीच्या मीटिंगला कोण किती वेळा आलं ते बघा.

ऑडिटरच्या रिपोर्टमधे 'क्वालिफाइड' शब्द दिसला, म्हणजे हिशोबातली एखादी गोष्ट ऑडिटरला पटलेली नाही, की पुढचा पॅरा दोनदा वाचायचा. 2013 च्या कायद्याने लिस्टेड कंपनीत ऑडिट फर्म 10 वर्षांनी बदलावीच लागते, त्यामुळे तो बदल नॉर्मल आहे. पण मधेच राजीनामा, तोही निकालाच्या तोंडावर, तर कारण काय लिहिलंय ते एक्स्चेंजच्या साईटवर शोधा.

पगार झटकन बघून घ्या, डायरेक्टरचा पगार मधल्या (पगाराच्या क्रमाने लावले तर बरोबर मध्यावरच्या) कर्मचाऱ्याच्या किती पट ते डायरेक्टर्स रिपोर्टला जोडलेलं असतं. नफा घटला आणि साहेबांचा पगार वाढला, तर का ते विचारा. एक शेअर असला तरी एजीएममधे, म्हणजे शेअरधारकांच्या वार्षिक सभेत विचारता येतं, आता बऱ्याच सभा ऑनलाईन असतात, नोटिशीत स्पीकर म्हणून नाव नोंदवायची तारीख आणि ईमेल असतो, चोपड्यात घरी बसूनसुद्धा होतं.