इंदुरात वकील कधी गाठायचा आणि कसा निवडायचा

महिन्या-दोन महिन्यांनी पुण्या-नागपूरहून नुकत्याच आलेल्या एखाद्या घरातून मला फोन येतो. "काकू, कुणी ओळखीचा मराठी वकील आहे का?" मी आधी विचारते, "सही झाली का?" बहुतेकदा झालेली असते. बयाणा दिलेला असतो, कागद हातात असतो, आणि आता काहीतरी बिनसलेलं असतं. त्या एका प्रश्नात दोन चुका आहेत. एक म्हणजे वेळ निघून गेल्यावर वकील शोधणं. दुसरी म्हणजे "मराठी" हा शब्द "चांगला"च्या जागी वापरणं. दोन्ही आम्ही केल्या, म्हणून हे लिहायला बसले.

मी १९९६ साली जळगावहून इंदुरात आले. २००६ मध्ये आम्ही बायपासच्या पलीकडे एक प्लॉट पाहिला. विकणाऱ्याने खसऱ्याची, म्हणजे इथल्या सातबाऱ्याची, प्रत दाखवली, त्यावर त्याचंच नाव होतं. "नामांतरण हो गया है, भाभीजी," म्हणाला. मी सातबारा बघत मोठी झालेली, मला वाटलं कागद तर कळतोय. दोन लाख बयाणा दिला आणि स्टॅम्पवर चार ओळी लिहून घेतल्या. तीन महिन्यांनी कर्जासाठी बँकेत गेलो, तेव्हा बँकेच्या पॅनेलवरच्या वकीलबाईंनी तो खसरा टेबलावर सपाट केला आणि पेन्सिलचं टोक एकेका रकान्यावरून नेत गेल्या. "कैफियत"च्या रकान्याशी पेन्सिल थांबली. तिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "बंधक". जमीन आधीच दुसऱ्या बँकेकडे गहाण होती. सातबाऱ्यावर जो बोजा आपण "इतर हक्क"मध्ये शोधतो, तो इथे "कैफियत"मध्ये असतो. तो रकाना आम्ही वाचलाच नव्हता.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांचा घात होतो तो इथेच. कागद ओळखीचे वाटतात, पण ते वेगळे असतात. तलाठ्याच्या जागी इथे पटवारी, फेरफाराच्या जागी नामांतरण, एन.ए.च्या जागी डायवर्शन. खरेदीखताला इथे सगळे "रजिस्ट्री"च म्हणतात. आणि नामांतरण झालं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं मुळीच नाही. ती नोंद महसुलासाठी असते, मालकी ठरते ती मागच्या खरेदीखतांच्या साखळीवरून. ही साखळी वकील उप-पंजीयकाच्या दप्तरात तपासतो, त्याला सर्च म्हणतात. सर्चचा अहवाल लेखी आणि वकिलाच्या सहीचा मागून घ्या. "मी बघितलंय, काळजी करू नका" याला काही किंमत नाही. कर्ज घेणार असाल तर बँकेचा वकीलही कागद बघतो, पण तो बघतो ते बँकेचे पैसे बुडू नयेत म्हणून. त्याने पास केलं म्हणून तुम्ही स्वस्थ बसू नका.

रजिस्ट्रीच्या वेळी इथे सर्व्हिस प्रोवायडर नावाचा माणूस भेटतो. संपदा या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर दस्त तयार करणं आणि स्टॅम्प काढणं हे त्याचं काम, आणि ते तो चोख करतो. जमीन कुणाची, तिच्यावर काय बोजा, हे तपासणं त्याचं काम नाही. नवीन माणसाला वाटतं, कागद करणारा आहे म्हणजे वकीलच असेल.

आणखी एक इंदुरी शब्द लक्षात ठेवा, "डायरी". कॉलनीची मंजुरी हातात यायच्या आधीच रोख पैसे घ्यायचे आणि एका डायरीत नोंद करून द्यायची, ही इथली जुनी पद्धत. भाव कमी असतो म्हणून माणसं भुलतात. रेरा म्हणजे बिल्डर-कॉलनींवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण. त्याची नोंदणी लागणाऱ्या प्रकल्पात नोंदणीआधी बुकिंगच घेता येत नाही, आणि नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कमही घेता येत नाही. मध्य प्रदेशाचं रेरा भोपाळला आहे, प्रकल्पाची नोंद घरबसल्या बघता येते. तुमच्यापुढे कुणी डायरी सरकवली तर वकिलाकडेही जाऊ नका, सरळ उठून घरी या.

बयाण्याआधी वकील, ही पहिली वेळ झाली. दुसरी वेळ म्हणजे तारीख लागलेला कुठलाही कागद दारात येतो तेव्हा. दिवाणी दाव्याचं समन्स मिळाल्यावर लेखी उत्तराला ३० दिवस असतात. न्यायालय फार तर ९० दिवसांपर्यंत मुदत देतं. दिलेला चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस जायला हवी. समोरच्याला नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, आणि तेही गेले की पुढच्या एका महिन्यात तक्रार. यातला एक टप्पा चुकला की पुढचं सगळं अवघड. कोर्टाचा माणूस कागद बजावायला येतो, त्या बजावणीला इथे "तामील" म्हणतात. घेतला नाही म्हणजे टळला असं समजू नका, तुमच्या गैरहजेरीतही निकाल लागतो. पोलिसांनी चौकशीला बोलावलं तर आधी वकिलाशी बोला, मगच जा. अटक झाली तर वकिलाशी बोलायचा हक्क घटनेनेच दिलाय, आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं.

राहत्या घराच्या ११ महिन्यांच्या भाडेकराराला वकील लागत नाही. महाराष्ट्रात तोही नोंदवावा लागतो, इथे लोक स्टॅम्पवर लिहून नोटरी करून घेतात. करार नीट वाचा, एवढं पुरे. दुकानाची जागा घेत असाल किंवा पगडीचा विषय असेल तर मात्र दाखवून घ्या. ग्राहक आयोगातली तक्रार स्वतः करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही.

गावाकडच्या वाटणीचं किंवा वारसाचं भांडण असेल तर वकील तिकडचाच घ्या, जिथे जमीन तिथला. इंदूरचा वकील फार तर मुखत्यारपत्र करून देईल. आणि नवरा-बायकोचा खटला पुण्यात लागलाय आणि तो इंदुरात आणायचाय, तर त्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो, कारण एका राज्याचं उच्च न्यायालय दुसऱ्या राज्यातला खटला हलवू शकत नाही. हे मी मुलींना मुद्दाम सांगते, कारण त्यांना कुणी सांगत नाही. पत्नीला आपण राहतो त्या गावातही अर्ज दाखल करता येतो, म्हणून तिकडून काही यायच्या आधीच सल्ला घ्यावा.

आता निवडण्याचं. "बंधक" सापडल्यावर आम्ही रामबागेतल्या एका ओळखीच्यांकडून मराठी वकील मिळवला. माणूस सज्जन, घरी चहा, आपल्या भाषेत बोलणं, त्यामुळे जीव शांत झाला. त्यांचं खरं काम अपघाताच्या दाव्यांचं होतं, हे आम्ही विचारलंच नाही. त्यांनी एक नोटीस पाठवली आणि "बोलणी चालू आहेत" म्हणत राहिले. विकणाराही "अगले महीने पक्का" म्हणत राहिला. अडीच वर्षं गेली. असे पैसे परत मागायचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो, आणि तोंडी आश्वासनांनी ती मुदत एक दिवसही वाढत नाही. शेवटी मी बँकेतल्या त्याच वकीलबाईंना गाठलं. त्यांना मराठीचं अक्षर येत नाही, पक्क्या माळव्यातल्या. वीस मिनिटं त्या काही न बोलता कागद वाचत होत्या. मग पहिला प्रश्न आला, "बयाने की तारीख क्या है?" दावा मुदतीत लागला. दोन वर्षांनी लोक अदालतीत तडजोड झाली, पैसे हप्त्यांनी आले आणि भरलेली कोर्ट फीसुद्धा परत मिळाली. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, हे मात्र सही करण्याआधी माहीत असू द्या.

इंदुरात उत्तम मराठी वकील आहेत, पिढ्यान्‌पिढ्या इथे काम करणारे. त्यांच्याकडे जरूर जा, पण कामासाठी जा. जिल्हा न्यायालयाचं काम हिंदीत चालतं. तुमचा मराठी कागद तिथे भाषांतर जोडूनच द्यावा लागतो, ते काम तुम्ही करून घ्या. वकिलाला विचारायचं ते हे: माझ्यासारखं प्रकरण गेल्या दोन-तीन वर्षांत चालवलंय का, पेशीला तुम्ही स्वतः उभे राहणार की ज्युनिअर, आणि फी कोणत्या टप्प्याला किती. पेशी म्हणजे इथे कोर्टाची तारीख. फी लिहून घ्या, पावती घ्या. "जिंकलो तर इतके टक्के" अशी फी वकिलाला ठरवताच येत नाही, बार कौन्सिलचा नियम आहे तसा. निकालाची खात्री देणाऱ्याकडून उठून या. जाहिरात करायलाही वकिलांना मनाई आहे, म्हणून कोर्टाच्या फाटकात जो हात धरून "चला, साहेबांकडे नेतो" म्हणतो, त्याच्यामागे जाऊ नका.

ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या सरकारी संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने शोधलं की त्याची प्रकरणं दिसतात. कोणत्या प्रकारची, किती वर्षं चाललेली, हे दहा मिनिटांत कळतं. जमलं तर एक सकाळ कोर्टात मागच्या बाकावर बसून त्यांना काम करताना बघा. तुमचा दावा लागला की त्याचा सोळा अंकी-अक्षरी सी.एन.आर. क्रमांक मागून घ्या आणि पेशी स्वतः बघत जा. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं तर घाबरू नका, मुख्य पीठ जबलपूरला असलं तरी खंडपीठ इथेच महात्मा गांधी मार्गावर आहे.

पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधिक सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातींना, अपंगांना आणि कोठडीत असलेल्यांनाही. हेल्पलाइनचा नंबर १५१०० आहे. घरातून निघालेल्या किती बायकांना हे ठाऊकच नसतं, आणि त्या मंगळसूत्र मोडून फी भरतात. माझा जीव तुटतो ते ऐकून.

वकील बदलावा लागला तर बदला. दावा लागलेला असेल तर जुन्या वकिलाची नाहरकत घेतात, ती मिळाली नाही तर न्यायालयाची परवानगी मागता येते. फी बाकी आहे म्हणून तुमची फाइल अडवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे स्पष्ट केलंय. त्याहून गंभीर वागणूक असेल तर तक्रार जबलपूरच्या राज्य बार कौन्सिलकडे होते. मी आमच्या पहिल्या वकिलांकडे फाइल मागायला तीन वेळा गेले. चौथ्या वेळी लेखी अर्ज दिला आणि प्रतीवर पोच घेतली. दुसऱ्याच दिवशी फाइल मिळाली. त्यात सगळ्या झेरॉक्स होत्या. बयाणापत्राची मूळ प्रत मी कुणाला दिलीच नव्हती, ती घरच्या कपाटात, साड्यांखाली, प्लास्टिकच्या पिशवीत होती.