कुत्रा आता बरा होणार नाही हे कळल्यावर घरी काय काय करायचं

आमच्या ब्रुनोच्या किडन्या गेल्या होत्या. रक्तातलं क्रिएटिनिन (किडन्या बिघडल्या की वाढणारा घटक) फार वाढलंय, आता त्रास कमी करणं एवढंच हातात आहे असं डॉक्टर म्हणाले आणि त्यापुढचं मला काही ऐकूच आलं नाही, म्हणून सांगते, दोन दिवसांनी परत जा, घरातलं कुणीतरी सोबत न्या आणि वहीत लिहून आणा. दुखतंय हे कसं ओळखायचं, उलट्या झाल्या तर काय द्यायचं, रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा.

घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन मनाने अजिबात देऊ नका, कुत्र्यांना विषारी ठरतात.

डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन द्यायला सांगितलं तर त्यांच्यासमोर दोनदा करून बघा, मग घरी जमतं. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, नाहीतर गार सलाईनने बिचारा शहारतो, खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलायची आणि सुई आत गेली की हळूहळू सोडायचं. नंतर तिथे फुगा येतो, तो काही तासांत जिरतो. जेवण कोमट करून द्या म्हणजे वास येतो, पण नको म्हणाला तर तोंडात कोंबू नका. फरशीवर पाय घसरतात, जुन्या सतरंज्या अंथरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्याला आवडणाऱ्या चार-पाच गोष्टी लिहा, आमच्याकडे गेटचा आवाज आला की उठणं, भाकरीचा तुकडा, बाबांच्या चपलांवर डोकं ठेवून झोपणं अशा होत्या, आणि रोज रात्री, त्यातलं त्याने काही केलं असेल तर कॅलेंडरवर टिक, नाहीतर फुली करा. आम्ही रोज "आज जरा बरा वाटतोय" म्हणायचो आणि कॅलेंडरवर सलग आठ फुल्या होत्या. इंजेक्शन देऊन त्याला शांतपणे सोडवायचा निर्णय घ्यायला इतकं थांबू नका.

आई म्हणायची आपण कोण त्याचा जीव घेणारे, तिचं चुकत नव्हतं, पण तो पाण्यापर्यंतसुद्धा जाऊ शकत नव्हता. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस, काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, लघवी होते, कधी नंतर श्वास घेतल्यासारखं दिसतं, हे आधी माहीत असलेलं बरं. डॉक्टर घरी येतील का ते विचारून ठेवा. लहान मुलांना "झोपवलं" सांगू नका, मग ती रात्री झोपायला घाबरतात.

अंत्यसंस्काराची चौकशीही आधीच करा, मुंबईत मालाडला पालिकेची प्राण्यांसाठी दाहिनी आहे. आणि नेण्याआधी गळ्यातला पट्टा काढून घ्या, आमच्याकडून त्या गडबडीत तो राहिला.